हातोडी न लावता

स्टीअरिंगला प्ले आलाय हे रोज गाडी चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. सैलपणा कणाकणाने वाढतो आणि हात त्याच्याशी जुळवून घेत जातात. खड्डा दिसला की बोटं आधीच आवळली जातात, वळणावर डावं मनगट जरा जास्त भार घेतं, आणि यातलं काहीही डोक्यापर्यंत पोचत नाही. परक्या माणसाने तीच गाडी चालवायला घेतली की तो पहिल्याच चौकात दचकतो.

आमच्या शेजारच्या आजोबांचं असंच झालं होतं. डेट्रॉईटच्या उत्तरेला आम्ही राहतो तिथे, दोन घरं सोडून त्यांचं घर आहे आणि त्यांच्या गॅरेजात 1978 ची शेव्हर्ले सी-10 पिकअप आहे. 1973 ते 1987 या सालांत निघालेल्या या चौकोनी अंगाच्या पिकअपना इथे 'स्क्वेअर बॉडी' म्हणतात, आणि त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं अमेरिकाभर आहेत. आजोबांनी ती नवी कोरी घेतली होती. आठ फुटी हौदा, 350 घन इंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या दांड्यावरच, आणि या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग सीट. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची मोठी खाण आहे. त्या मिठाने इथल्या कितीतरी जुन्या गाड्या खालून खाऊन टाकल्या. ही वाचली, कारण पहिला बर्फ पडला की आजोबा ती बाहेर काढत नाहीत ते थेट वसंतातल्या पावसाने रस्ते धुऊन निघेपर्यंत.

एकदा त्यांना दवाखान्यात सोडायला ती मी चालवली. ब्रेक दाबला आणि स्टीअरिंगचं अख्खं चाक माझ्या हातात बोटभर खाली आलं. सोडल्यावर पुन्हा वर. आजोबा शांतपणे म्हणाले, ती तसं करते. त्यांना खरंच त्यात वावगं काही वाटत नव्हतं. मधल्या काळात एका गॅरेजवाल्याने त्यांना टायरॉड एन्ड, म्हणजे पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दांड्यांचे सांधे, बदलून दिले होते, दुसऱ्याने स्टीअरिंग बॉक्स, म्हणजे खालची गिअरची पेटी, आवळून दिला होता. दोन्ही कामं करण्यासारखी असतीलही, पण दुखणं तिथे नव्हतं. चाक फिरवताना जो मोकळा फिरतो तो प्ले वेगळा, आणि गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना, चाक धरून वरखाली हलवलं तर जे डोलतं ते वेगळं. पहिल्याचा शोध खाली बॉक्सपाशी आणि सांध्यांत घ्यायचा. दुसऱ्याचा शोध वर, कॉलमच्या, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याच्या, डोक्यात.

या गाडीला टिल्ट कॉलम आहे. इंडिकेटरच्या दांडीजवळची छोटी दांडी ओढली की चाक वर किंवा खाली करून आपल्या उंचीला जुळवून घेता येतं. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ शहरातल्या विभागाने साठच्या दशकात ही रचना बाजारात आणली. सॅगिनॉ आमच्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे आणि स्टीअरिंग बनवणं हा तिथला जुना धंदा आहे. टिल्टमुळे कॉलमला मानेपाशी एक सांधा येतो. सांध्याच्या खालचा जो आधार, तो कॉलमच्या नळीला चार बोल्टांनी धरलेला असतो. चालक उंच गाडीत चढताना चाकाला लोंबकळून स्वतःला वर ओढतो, वर्षानुवर्षं, आणि तो सगळा भार त्या चार बोल्टांवर येतो. आजोबांचा उजवा गुडघा गेलेला आहे. त्यांना दुसरं धरायला काही नाही.

मी म्हटलं, मी करून देते. माझी मुलगी त्यांना ग्रँपा म्हणते. तिलाही उन्हाळ्याची सुट्टी होती.

माझं पोटापाण्याचं काम गाड्यांच्या टकरींचं गणित मांडण्याचं आहे. पडद्यावर दिवसभर गाड्या भिंतीवर आदळतात आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात जे घडतं ते आम्ही तासन्‌तास बघत बसतो. त्यामुळे स्टीअरिंग कॉलम म्हटला की मला आधी आठवते ती त्याची चेपण्याची रीत. हात लावलेली पहिली गाडी मात्र सांगलीची, मामाच्या गॅरेजातली जीप. तिचा कॉलम म्हणजे पुढच्या बॉक्सपासून चालकाच्या छातीपर्यंत सरळ गेलेला लोखंडी दांडा. मामा चाक काढताना पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, नसला तर खालून गुडघा लावायचा आणि शाफ्टच्या टोकावर हातोडीचे दोन घाव घालायचा. चाक सुटायचं. त्या जीपला ते चालून जायचं, कारण तो दांडा वाकण्याचं काही कारणच नव्हतं. समोरून टक्कर झाली तर मात्र तोच न वाकणारा दांडा चालकाच्या अंगावर यायचा. जुन्या काळात जगभरच्या गाड्यांत चालक असे मेले, बरगड्या फुटून, हृदयाला इजा होऊन. अपघाताच्या नोंदीत चूक रस्त्याची किंवा चालकाची लिहिली जायची. दांड्याकडे कुणी बोट दाखवत नसे.

दांड्याकडे बोट दाखवणाऱ्यांमध्ये ह्यू डीहेवन हा माणूस मला फार जवळचा वाटतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 साली, हा अमेरिकी तरुण रॉयल फ्लाइंग कोअरच्या कॅनडातल्या शाखेत वैमानिकाचं शिक्षण घेत होता. सरावात दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. तो वाचला, पण पोटातल्या अवयवांना जबर मार बसला होता. अंथरुणात पडल्या पडल्या त्याने विचार केला की मार नेमका कशाने बसला, आणि त्याची नजर गेली पट्ट्याच्या अणकुचीदार बकलवर. त्या काळी लोक वाचण्याला दैव म्हणत. त्याने त्यात कारण शोधलं. पुढे 1942 मध्ये त्याने एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा. त्यातली एक बाई 144 फुटांवरून एका पत्र्याच्या वायुवीजन पेटीवर पडली होती. पेटी फूट-दीड फूट आत चेपली, बाईचे हात मोडले, आणि ती शुद्धीवर होती. डीहेवनने ती चेपलेली पेटी मोजली. बाईचा वेग ज्या अंतरात संपला, ते अंतर तिला पेटीने दिलं होतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने अपघाती इजांच्या संशोधनाचं काम सुरू केलं, आणि विमानांकडून ते मोटारींकडे आलं.

माझ्या रोजच्या कामाचा पायाच हा आहे. माणूस थांबणारच आहे, प्रश्न किती अंतरात थांबणार एवढाच. अंतर दुप्पट मिळालं तर सरासरी मार निम्मा होतो. मग गाडीतली प्रत्येक वस्तू आपल्या परीने थोडं अंतर देऊ शकते का, हे बघायचं. बॉनेट, सीट, डॅशबोर्ड, आणि स्टीअरिंगचा दांडासुद्धा.

जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलांपासून आपल्या मोटारींत चेपणारा कॉलम दिला. सप्टेंबर 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली होती. त्या कायद्याखालचे 203 आणि 204 हे दोन नियम 1 जानेवारी 1968 पासून प्रवासी मोटारींना लागू झाले. पहिला सांगतो की ताशी 24 किलोमीटर वेगाने छातीच्या आकाराचा ठोकळा चाकावर आदळला तर त्यावर 2,500 पौंडांहून जास्त जोर येता कामा नये. दुसरा सांगतो की गाडी ताशी 48 किलोमीटरने भिंतीवर आदळली तर कॉलम मागे, चालकाकडे, 127 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. हलक्या ट्रकांना हे नियम लागू व्हायला त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ गेला. आजोबांची पिकअप त्या मधल्या काळातली आहे. तिला सक्ती नव्हती, तरीही तिच्यात चेपणारा कॉलम आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं होतं की ट्रक चालवणाऱ्याचीही छाती तीच असते.

आता तो चेपतो कसा, ते सांगितल्याशिवाय दुरुस्तीचं काही सांगता येणार नाही. बाहेरची नळी ही एकात एक बसलेल्या दोन नळ्यांची असते. दोघींच्या मध्ये पोलादी छर्रे घट्ट दाबून बसवलेले असतात. टक्कर झाली की एक नळी दुसरीत शिरते आणि छर्रे तिच्या भिंतीत चर पाडत जातात. ते चर पाडण्यात टकरीची ताकद खर्ची पडते. आतला शाफ्टही दोन तुकड्यांचा, एक दुसऱ्यात सरकणारा. रोजच्या वापरात तो सरकू नये म्हणून दोघांच्या मधल्या भोकांत प्लास्टिक ओतलेलं असतं. त्याचे झालेले बारीक खिळे ठराविक जोराला तुटतात, तुटायलाच हवेत. डॅशबोर्डखालचा ब्रॅकेटही तशाच तुटणाऱ्या तुकड्यांवर टांगलेला असतो. म्हणूनच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या कामाच्या सुरुवातीलाच ताकीद आहे: शाफ्टच्या टोकावर हातोडी मारू नका, कॉलम पाडू नका, त्यावर रेलू नका. मामाचे ते दोन घाव इथे घातले तर चाक सुटेल, पण आतले प्लास्टिकचे खिळेही तुटतील, आणि बाहेरून काही दिसणार नाही. चाळीस-पन्नास वर्षं एका अपघाताची वाट बघत बसलेली वस्तू आपण गॅरेजात, उभ्या उभ्या, वापरून टाकलेली असेल.

म्हणून सगळं काम जोराविना करायचं. मुलीला मी पहिल्यांदा तेच सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग अडकलं तर?" अडकलं तर थांबायचं आणि कोण अडवतंय ते शोधायचं. ही शिकवण मात्र मामाचीच. हातोडी उचलण्याआधी तोही टॉर्च घेऊन बराच वेळ नुसता बघत बसायचा.

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढली. मग हॉर्नची टोपी, मधला मोठा नट, आणि चाकातल्या आट्यांच्या दोन भोकांत बोल्ट घालून पुलर. पुलर आवळत गेलं की एका क्षणी 'टक्‌' असा आवाज होतो आणि चाक आपण होऊन हातात येतं. त्याखाली लॉकप्लेट, म्हणजे किल्ली काढल्यावर स्टीअरिंग जखडणारी चकती. ती खालच्या स्प्रिंगने वर रेटलेली असते आणि वरून एका तारेच्या कडीने अडवलेली. चकती दाबून धरायला एक खास अवजार मिळतं. ते लावून चकती खाली गेली की कडी तिच्या खाचेतून अलगद उचलता येते. ही कडी मी प्रत्येक वेळी नवीन घालते. किरकोळ वस्तू आहे, पण चाकाखालची सगळी मांडणी तिच्यावर टिकून असते.

इंडिकेटरचा स्विच तीन स्क्रूंनी धरलेला असतो, त्याच्या वायरी कॉलममधून खाली गेलेल्या. तो सोडवून बाजूला लोंबत ठेवला. पुढे किल्लीचं कुलूप, आणि तिथे या कामातली सगळ्यात नाजूक जागा. किल्ली आत राहिली तर दार उघडताना भुणभुण करणारा एक छोटा स्विच कुलपाशेजारी बसवलेला असतो, आणि त्याच्या पाठीशी नखाएवढी पत्र्याची स्प्रिंग. कुलपाआधी तो काढायचा. नुसता स्विच ओढला तर स्प्रिंग सुटून कॉलमच्या आत पडते, आणि मग ती शोधायला सगळा कॉलम खोलावा लागतो. मुलीने कागदाची पिन सरळ करून तिच्या टोकाला आकडा केला, स्विच आणि स्प्रिंग दोघांना एकत्र पकडलं आणि श्वास रोखून बाहेर काढलं. तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक आहेत, हे काम तिचंच होतं. त्यानंतर बारीक स्क्रू ड्रायव्हरने फटीतून खिट्टी दाबली आणि कुलूप किल्लीसकट बाहेर आलं.

टिल्टची स्प्रिंग काढताना कॉलम पूर्ण वर करून ठेवायचा. त्या स्थितीत तिच्यात ताण सगळ्यात कमी असतो. टोपीत फुलीचा मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून आत दाबायचं, थोडं उलटं फिरवायचं आणि मग हळूहळू सैल सोडायचं. तरीही चेहरा बाजूला ठेवलेला बरा. राहिल्या त्या दोन पिना, ज्यांच्यावर मान वर-खाली होते. त्या घट्ट दाबून बसवलेल्या असतात, पण त्यांच्या तोंडाला आतून बारीक आटे पाडलेले आहेत. त्यात लांब स्क्रू घालायचा, त्यावर एक गोटी, म्हणजे पान्याचा सॉकेट, आणि वायसर पूल म्हणून ठेवायचा आणि नट फिरवत जायचा. नट खाली जातो तशी पिन वर येते. ज्याने ही पिन बनवली त्याने ती एक दिवस कुणीतरी काढणार हे धरून आत आटे पाडून ठेवले. आजच्या गाड्यांचे भाग हाताळताना मला अशी जागा क्वचित सापडते, आणि सापडली की तिच्या आरेखकाविषयी मनात कृतज्ञता दाटते.

पिना निघाल्यावर दांडी ओढून धरली आणि मानेचं अख्खं घर वर उचलून आलं. आत जुनं, मधासारखं घट्ट झालेलं ग्रीस होतं. ते पुसल्यावर चार बोल्टांची डोकी दिसली. यांची डोकी बाहेरून चांदणीच्या आकाराची असतात, साधा पाना त्यांना धरत नाही, त्यासाठी वेगळी गोटी लागते. एकावर गोटी ठेवली आणि हातानेच फिरवली. तो फिरला. दुसराही. एक तर इतका सैल होता की त्याखालच्या धातूवर घासून चकचकीत गोल उमटला होता. मी आजोबांना आत वाकून बघायला सांगितलं. ते बराच वेळ टॉर्च धरून उभे राहिले. मग म्हणाले, याच्या भरवशावर मी नातवंडांना तळ्यावर नेत होतो.

चारी बोल्ट एक एक करून काढले, आटे ब्रशने आणि क्लीनरने साफ केले. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव, निळ्या रंगाचं, लावलं आणि समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळले. एकदम एकच पूर्ण आवळला तर आधार एका बाजूला ओढला जातो. निळं अशासाठी की पुढे कुणाला हे बोल्ट पुन्हा काढायचे असतील तर साध्या अवजारांनी निघावेत. लाल लावलं तर तापवल्याशिवाय सुटत नाहीत, आणि इथे शेजारी प्लास्टिक आहे, तापवणार कसं?

परत जोडताना एकच जागा वेळ खाते. किल्ली फिरली की एक दातेरी, पंख्याच्या आकाराचा गिअर फिरतो आणि तो एका दातेरी पट्टीला ढकलतो. पट्टीला जोडलेली सळई कॉलमखालच्या इग्निशन स्विचपर्यंत जाते. गिअर आणि पट्टीचा दात चुकीच्या खाचेत बसला तर किल्ली फिरते पण गाडी सुरू होत नाही, किंवा सुरू होते आणि किल्ली निघत नाही. घर बसवण्याआधी दात जुळलेत ना ते बोटाने चाचपून बघायचं आणि मगच पिना घालायच्या. पिनाही ठोकायच्या नाहीत, दाबून बसवायच्या. बाकीचं सगळं उलट्या क्रमाने. खाली, शाफ्ट आणि स्टीअरिंग बॉक्स यांच्यामध्ये रबर-कापडाची एक चकती असते, तिला इथे रॅग जॉइंट म्हणतात. तीही भेगाळली होती, ती बदलली आणि फिरण्यातला प्लेही बराचसा गेला.

आजोबांनी चाक धरून वर-खाली हलवून बघितलं. काही हललं नाही. त्यांनी ते पुन्हा हलवून बघितलं, आणि मग गल्लीतून एक फेरी मारून आले. पहिली काही वळणं त्यांना जड गेली म्हणाले. हात अजून जुन्या डोलण्याची तयारी करत होते. खड्ड्यापाशी बोटं आवळली जायची आणि हातात काहीच यायचं नाही, म्हणून उलट चाक जास्त वळायचं. त्यांना सांगितलं, चार-सहा दिवस हळू चालवा, हात आपोआप सुधारतील.

एक प्रश्न राहतोच. त्यांचा गुडघा तोच आहे, सीट तेवढ्याच उंचीवर आहे, आणि चढताना ते अजूनही चाकच पकडतात. परवा मी बघत होते, डावा पाय फूटबोर्डवर, दोन्ही हात चाकावर, आणि सगळं अंग वर. मी एक जाड पकडदांडी मागवली आहे. काचेशेजारच्या खांबाला बसवायची, तिथे आतून पत्रा दुहेरी आहे आणि त्यांचं वजन तो सहज पेलेल. मुलीने कागदावर माप काढून खुणासुद्धा केल्या आहेत. आजोबा मात्र त्या खुणा बघून मान हलवतात. इतकी वर्षं या गाडीला कारखान्याबाहेरचं एकही भोक पडलेलं नाही, म्हणतात. काल मुलगी त्यांना पट्ट्याने आवळून बसवायची, भोक न लागणारी दांडी दाखवत होती. ती किती वजन घेते ते मी आधी तपासणार आहे.